३१ क्रेडिटं आणि आठवड्याचे १६८ तास

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी टीईला आहे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत. घर बदलापूरला, कॉलेज नेरूळला. पाचव्या सेमिस्टरचं टाइमटेबल नुकतंच लागलंय: पाच थिअरी, त्यांची प्रॅक्टिकलं, मिनी प्रोजेक्ट, मिळून २१ क्रेडिट. त्यावर डेटा सायन्सचं ऑनर्स, म्हणजे पदवीवरचे जादा विषय, घेतलंय, ते तिला मनापासून आवडतं. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, बारा आठवड्यांचा एक कोर्स धरलाय. चौथ्या सेमिस्टरच्या गणिताची, एम-फोरची, केटी लागलीय, म्हणजे नापास झालेला तो पेपर पुन्हा द्यायचाय. शनिवार-रविवार गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास, त्याची फी वडिलांनी भरून टाकलीय. शिवाय आठवड्यातून तीन संध्याकाळी ती दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. ती म्हणते, "शिकवणी सोडावी आणि केटी पुढच्या परीक्षेला ढकलावी असं मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, होतं गं मॅनेज. खरंच होतं का?"

अगं, आधी सरळ उत्तर देतो. (२४ वर्षं वर्गात अगं-अरे करत आलोय, ती सवय इथेही जात नाही.) नाही, एवढं सगळं होत नाही. आणि तू ज्या दोन गोष्टी सोडायला निघाली आहेस, नेमक्या त्या दोन ठेव.

मैत्रिणी खोटं बोलत नसतील. पण त्यांच्यातली एखादी सानपाड्याला राहत असेल, दुसरीला केटी नसेल, तिसरीचा क्लास घरबसल्या मोबाईलवर असेल. टीईच्या वर्गात 'मॅनेज' हे सगळ्यात लवचिक क्रियापद आहे. त्यात सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाइल उतरवणंही बसतं आणि दहापैकी नऊ पॉइंटरही बसतो. कोण कुठल्या अर्थाने म्हणतंय ते निकालाच्या दिवशीच कळतं.

आपल्याकडे क्रेडिट म्हणजे मार्कांचाच एक प्रकार, असं मुलं धरून चालतात. मुळात ते वेळेचं माप आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे दोन तास लॅब. हे झालं कॉलेजातलं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तास धरलेत, आणि त्यात वर्ग, लॅब, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असं सगळं आलं. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. ज्याने हे ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर वर्षाला ४० क्रेडिट घेणारा विद्यार्थी होता, म्हणजे सेमिस्टरला २०. तुझी बघ: कॉलेजची २१, ऑनर्सची ४, एनपीटीईएलची ३, एम-फोरची ३. एकतीस. पटीत बोलायचं तर दीडपट.

३१ गुणिले ३० म्हणजे ९३० तास. सेमिस्टरचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला ६२. त्यातले २७ तास लेक्चर आणि लॅबमध्ये जातात (थिअरीचे १५, प्रॅक्टिकलचे १२), ऑनर्सच्या लेक्चरचे ४. उरले ३१. हे एकतीस तास तुला स्वतः शोधायचेत, दर आठवड्याला, पहिल्या आठवड्यापासून.

आता ते आहेत का बघू. तू दिलेल्या वेळांवरूनच मांडतो. आठवड्याचे तास १६८. सात तास झोप धरली तर ४९ गेले, आणि ती सहावर आणू नकोस, त्याचं नंतर बोलतो. कॉलेज नऊ ते साडेचार, पाच दिवस: साडेसदतीस. बदलापूरहून ठाणे, तिथे ट्रान्स-हार्बर लोकल पकडून नेरूळ, पुढे चालणं, धरून एका बाजूला पावणेदोन तास. म्हणजे रोजचे साडेतीन आणि आठवड्याचे साडेसतरा. अंघोळ, जेवण, कपडे, मोबाईल हातात घेऊन नुसतं पडून राहणं, रोज अडीच तास तरी जातातच: आणखी साडेसतरा. इथपर्यंत साडेएकशेएकवीस झाले. उरले साडेशेहेचाळीस. त्यातून गेटचा क्लास जाण्यायेण्यासकट १०, शिकवणी ६, ऑनर्सचे मंगळवार-गुरुवारचे मिळून ४, घरातली कामं, रविवारचा बाजार, आलेगेले, साडेसहा. हातात राहिले २०.

हवेत ३१, आहेत २०. हा अकरा तासांचा खड्डा जिद्दीने भरत नाही. तो झोपेतून तरी भरला जातो, नाहीतर केटीच्या अभ्यासातून. बहुतेकांचा दोन्हीतून.

आणि हे १५ आठवडे कागदावरचे. जुलैत सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये गोपाळकाला, गणपती, नवरात्र, दसरा, मध्येच कॉलेजचा टेक-फेस्ट, एखाद्या दिवशी ठाण्याच्या पुढे पाणी तुंबून बंद पडलेल्या गाड्या, असं सगळं येतं. धड अभ्यासाचे आठवडे बारा, फार तर तेरा. तुझ्या घरी गणपती बसत असेल तर ते पाच-सात दिवस हिशेबातून आधीच काढून टाक. मोदक वळताना फ्लॅशकार्ड बघणारी मुलगी मी अजून पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

तर काय काढायचं?

पहिला गेटचा क्लास. हे वाचून वडील माझ्यावर चिडतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेट फेब्रुवारीत असते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसायची परवानगी आहे हे खरं, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो हेही खरं. त्यावरूनच क्लासवाले टीईपासून बॅच काढतात. पण तू ती मनापासून देणार शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत. त्याला अजून दीड वर्षाहून जास्त आहे. आता पेपर बघ: १०० गुणांपैकी सामान्य क्षमता चाचणी १५, गणित १३, उरलेले ७२ आपल्या शाखेचे. या ७२ मध्ये थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आहे, कॉम्प्युटर नेटवर्क आहे. हे दोन्ही तुझ्या याच सेमिस्टरच्या टाइमटेबलमध्ये आहेत. १३ गुणांच्या गणितात मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी आहे, म्हणजे तुझ्या एम-फोरमधलाच मोठा भाग. सोमवार ते शुक्रवार जे धड वाचायला वेळ मिळत नाही, तेच शनिवारी पैसे देऊन वरवर ऐकायचं, असा हा प्रकार आहे. या सेमिस्टरला गेटची तयारी म्हणजे हे तीन विषय नीट करणं. ऑटोमाटाचे, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचे, गेटचे मागच्या दहा वर्षांचे प्रश्न कॉलेजच्या युनिटबरोबर सोडवत गेलीस तर क्लासपेक्षा जास्त होईल, आणि जागचं उठावंही लागणार नाही.

राहिला फीचा प्रश्न. भरलेले पैसे परत मिळोत न मिळोत, ते गेलेलेच आहेत. तू क्लासला गेलीस म्हणून ते परत येणार नाहीत, उलट त्यांच्यामागे आठवड्याचे दहा तास जातील. हे वडिलांना असं तोंडावर सांगू नकोस. क्लासच्या ऑफिसात जाऊन आधी विचार, की ही बॅच पुढच्या वर्षीच्या बॅचमध्ये बदलून मिळते का. बऱ्याच ठिकाणी मिळते, थोडा फरक भरावा लागतो. मात्र फोनवर 'हो हो, बघू' म्हणतील त्यावर थांबू नकोस. अर्ज लिहून दे, आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घे. मग घरी बोल, आणि बोलताना वरचा तासांचा हिशेब एका कागदावर मांडून समोर ठेव. आयुष्यभर लोकल पकडून नोकरी केलेल्या माणसाला 'टेन्शन आलंय' हे कळेलच असं नाही. पण 'वीस तास आहेत, एकतीस लागतात' हे त्याला एका मिनिटात कळतं.

क्लास गेला की दहा तास परत आले: तीस झाले. खड्डा एका तासाचा राहिला.

दुसरा एनपीटीईएल. याबाबत तुझ्या पिढीत एक गोंधळ कायम दिसतो. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिचे पैसे वेगळे आणि मुदतही वेगळी. त्यामुळे नाव नोंदवलं म्हणजे आपण बांधले गेलो असं काही नाही. आधी विभागात जाऊन एकच विचार: हा कोर्स आमच्या एखाद्या ऐच्छिक विषयाच्या बदल्यात धरणार, की नुसतं प्रमाणपत्र? यूजीसीच्या नियमात स्वयंवरून (एनपीटीईएलचे कोर्स ज्या सरकारी पोर्टलवर असतात त्यावरून) ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची सोय आहे, पण नियमात असणं आणि आपल्या कॉलेजने आपला अमुक कोर्स मान्य करणं यात फार अंतर असतं. नुसतं प्रमाणपत्र असेल तर कोर्स जानेवारीच्या सत्रावर टाक. विषयाच्या बदल्यात धरणार असतील तर मला परत सांग, मग गणित बदलेल. ठेवावाच लागला तर एवढं लक्षात असू दे की बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी उत्तम आठच असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के वजन, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. म्हणजे चार आठवडे बुडाले तरी चालतं. ते चार आठवडे कुठले, हे आधीच ठरवून ठेव: गणपतीचा, दोन युनिट टेस्टचे आणि सबमिशनचा.

एनपीटीईएल पुढे गेलं की तीन क्रेडिट कमी झाली, म्हणजे आठवड्याचे सहा तास. आता लागतात २५, आहेत ३०. पाच तास शिल्लक. ही चैन नाही. गाडी बंद पडली, ताप आला, घरी कुणी आजारी पडलं, तर त्यासाठी ते लागतात. ज्या टाइमटेबलमध्ये ताप यायला जागा नाही ते टाइमटेबल तिसऱ्या आठवड्यात मोडतं.

शिकवणी मात्र सोडू नकोस. मुलं अडचणीत आली की पहिली कुऱ्हाड स्वतःच्या कमाईवर घालतात, कारण ती गोष्ट 'अभ्यास' या सदरात बसत नाही. सहा तासांत तुझा पास, झेरॉक्स, कँटीन सुटतंय आणि महिन्याच्या वीस तारखेला घरी हात पसरावा लागत नाही. याची किंमत पैशांहून मोठी आहे. शिवाय दहावीचं बीजगणित शिकवणाऱ्या हाताला गणिताची भीती जरा कमी वाटते. फक्त एक कर: दहावीच्या सहामाहीच्या सुमाराला पालक 'रोज घ्या ना ताई' म्हणतील. तेव्हा नाही म्हण. तीन म्हणजे तीनच संध्याकाळी.

आता केटी. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

केटी ढकलण्यामागचा तुझा विचार मला कळतो. चालू सेमिस्टरचे पाच पेपर अंगावर असताना जुना सहावा कशाला? पण सहावं सेमिस्टर यापेक्षा हलकं असेल असं तुला कोण म्हणालं? सहाव्यात मिनी प्रोजेक्टचा पुढचा भाग, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची धावपळ, आणि ऑनर्स आहेच. सातव्याच्या सुरुवातीला कॅम्पसला कंपन्या यायला लागतात आणि बऱ्याच कंपन्यांच्या फॉर्मवर वरच्याच ओळीत अट असते: चालू केटी नको. तुझा पॉइंटर कितीही चांगला असो, त्या ओळीपाशी यादीतून नाव गळतं. त्यामुळे ही हिवाळी परीक्षा सोडलीस तर हातात एकच संधी उरते, आणि एकच संधी उरलेल्या पेपरला बसणाऱ्या मुलांचे हात कसे थरथरतात ते मी सुपरव्हिजनला पाहिलंय.

दुसरं कारण तुझ्या ऑनर्सचं. डेटा सायन्समध्ये पुढे जे येणार त्याचा पाया मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी. आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय हे कळलं नसेल तर पीसीए (भरमसाट आकड्यांतून मोजक्या महत्त्वाच्या दिशा काढायची पद्धत) शिकवतील तेव्हा तू नुसती फळा उतरवून घेशील. म्हणजे तुझी केटी आणि तुझा आवडता विषय हे दोन वेगळे बोजे नाहीतच. एम-फोर नीट केलंस तर ऑनर्स हलकं होतं, आणि गेटचे काही गुणही त्यातच येतात. तीन ठिकाणी विखुरलेलं एकच काम आहे हे.

केटीचा विषय मागे का पडतो? कारण त्याला लेक्चर नाही, लॅब नाही, हजेरी नाही, विचारणारे सर नाहीत. चालू विषय आठवड्यातून तीनदा तुझ्यासमोर येऊन उभे राहतात, केटी परीक्षेच्या आठ दिवस आधी येते. म्हणून तिला घड्याळातली जागा द्यावी लागते. एकदा वाचलेला विषय आहे, सहाऐवजी चार तासांत भागेल: शनिवारी सकाळी दोन, रविवारी सकाळी दोन, क्लासच्या त्याच वेळेला. त्या वेळी घराबाहेर पडायची सवय तुला आहेच, तर बदलापुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बस. घरी बसलीस तर दार तूच उघडशील, सिलेंडर तूच घेशील. आणि गेल्या वेळची उत्तरपत्रिका फोटोकॉपी म्हणून मागवता येत असेल तर मागव. शंभरातली ऐंशी मुलं 'गणित अवघड गेलं' म्हणतात, पण पेपर समोर ठेवला की दिसतं, एक अख्खं मॉड्यूल सोडलं होतं आणि दोन ठिकाणी चिन्ह चुकलं होतं. (ऐंशी हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, कुठल्या पाहणीचा नाही.)

ऑनर्सबद्दल माझं मत जरा खट्याळ आहे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, आराखड्यात पदवीच्या १६० क्रेडिटांवर १८ ते २० जादा क्रेडिट केली की 'ऑनर्स' मिळतं. त्या शब्दाचा परिणाम मुलाखत घेणाऱ्यांपेक्षा नातेवाइकांवर जास्त होतो. तू ते नावासाठी घेतलं असतंस तर मी पहिलं तेच काढायला लावलं असतं. पण आवडतंय म्हणतेस, तर राहू दे. फक्त त्यातून बाहेर पडायची मुदत कधी आहे ते आजच परीक्षा विभागात विचारून ठेव, आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी स्वतःशी एकदा हिशेब कर: ठरवलेल्या चार शनिवार-रविवारांपैकी एम-फोरला किती वेळा बसलीस? तीनपेक्षा कमी असेल तर ऑनर्स सोड. इथे मनाचं ऐकू नकोस, वहीतल्या तारखा बघ.

आता रोजच्या गाड्याबद्दल थोडं.

प्रवासाचे साडेसतरा तास मी हिशेबात शून्य धरलेत, कारण सकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो हे मला माहीत आहे. पण पुस्तक न उघडता एक गोष्ट होते: आठवणं. काल नेटवर्कमध्ये काय झालं? टीसीपीचं तीन पायऱ्यांचं हँडशेक (दोन संगणक बोलणं सुरू करतात ते) डोळे मिटून मनात काढ. कुठे अडलं ते ठाण्याला उतरल्यावर मोबाईलमध्ये एका ओळीत लिही. हे वेळ काढण्यासाठी सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के येत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. आदल्या रात्री पुन्हापुन्हा वाचून 'सगळं येतंय' असं जे वाटतं ते पहिल्या पाच मिनिटांतलं वाटणं आहे. उभ्याने, गर्दीत, पुस्तकाशिवाय अर्धा तास आठवलंस तरी तो अभ्यासच. परतीला नेरूळला बसायला जागा मिळाली तर मात्र झोप. खरंच झोप, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

कॉलेजमधले साडेसदतीस तास आणि प्रत्यक्ष लेक्चर-लॅबचे सत्तावीस, यांच्यात साडेदहा तासांची फट आहे. अर्धे जेवणात आणि कट्ट्यावर जाऊ देत, तेही लागतं. उरलेल्या पाचात लॅबच्या फाइली लिहून संपव. ज्या दिवशी प्रयोग, त्याच दिवशी राइट-अप, पुढच्या लॅबला सही. सबमिशनच्या आठवड्यात आमच्या केबिनबाहेर जी रांग लागते तिच्यात उभी असलेली मुलं अभ्यासात कच्ची नसतात. त्यांच्या दहा प्रयोगांवर दोनच सह्या असतात, एवढंच. आणि त्या आठवड्यात सरही माणसासारखे वागत नाहीत, हे आपल्यातच ठेव.

पण फाइल सजवत बसू नकोस. २१ क्रेडिटांच्या सेमिस्टरमध्ये तीन क्रेडिटच्या थिअरीत एक ग्रेड वर गेली तर एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरचा पॉइंटर, साधारण ०.१४ ने वाढतो. एक क्रेडिटच्या लॅबमध्ये एक ग्रेड वर गेली तर ०.०५ सुद्धा पुरता नाही. रंगीत पेनाने फ्लोचार्ट काढण्यात घातलेला रविवार कुठे जातो ते यावरून कळेल. लॅब सुटू द्यायची नाही आणि लॅबमध्ये अडकूनही राहायचं नाही.

मिनी प्रोजेक्टला कितीही वेळ धरलास तरी तो दीडपट कर. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं उलटं गेलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमी पडला. त्या मुलांना ना बदलापूर गाठायचं होतं ना त्यांच्या ग्रुपमध्ये ऐनवेळी गावी निघून जाणारा मेंबर होता. ग्रुप निवडायचा अजून बाकी असेल तर हुशारपेक्षा फोन उचलणारी माणसं घे. आणि चौघांत तू एकटीच कोड लिहितेयस असं दुसऱ्या रिव्ह्यूच्या आधी दिसलं तर गाईडला तेव्हाच सांग. शेवटी सांगितलेलं रडगाणं वाटतं.

तारखांसाठी कुठलं ॲप नको. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घे आणि त्यावर युनिट टेस्ट, रिव्ह्यू, सबमिशन, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी), ओरल, केटीचा फॉर्म भरायची मुदत, शिकवणीच्या मुलांच्या परीक्षा, सगळं एकाच पेनाने लिही. तिथेच का, तर ते घरातले सगळे बघतात. 'या आठवड्यात तिचं सबमिशन आहे' हे आईला तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा गॅसच्या ओट्यासमोर रोज दिसलेलं बरं. आणि तीन गोष्टी एकाच आठवड्यात आलेल्या दिसल्या तर त्यातली एक त्या आठवड्याच्या आधी संपवायची असते, हे त्या चौकोनांत आपोआप दिसतं.

झोपेचं बोलतो म्हणालो होतो. साडेपाचला उठून गाडी पकडणारी मुलगी रात्री एक वाजेपर्यंत जागली तर साडेचार तास झोप होते. एखाद्या रात्री चालतं. सलग दहा दिवस असं करणारी मुलं माझ्या लॅबमध्ये कीबोर्डवर डोकं ठेवून बसलेली मी ओळखतो. कोड चालत नाही म्हणून तासभर शोधत असतात आणि अर्धविराम राहिलेला असतो. वाचवलेले अडीच तास असे परत जातात.

माझा अंदाज चुकतच नाही असं समजू नकोस. काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता, आईच्या पोळीभाजी केंद्रावर पहाटे चार ते सात काम करायचा आणि वर दोन केटी. मी त्याला ठामपणे म्हणालो, एक सेमिस्टर तरी ते काम थांबव. त्याने ऐकलं नाही. नंतर कळलं, पोळ्या भाजताना तो रेकॉर्ड केलेली लेक्चरं ऐकायचा, रात्री साडेनऊला झोपायचा, आणि कट्ट्यावर एक मिनिट बसायचा नाही. दोन्ही केट्या एका फटक्यात सुटल्या. त्याच्या दिवसातले तास त्याने माझ्यापेक्षा बारकाईने मोजले होते. म्हणून वरचा सगळा हिशेब माझा आहे असं धरून मान्य करू नकोस. एक आठवडा खिशात वही ठेव, अर्ध्या अर्ध्या तासाचं लिहून काढ आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुझे घाल. रोजच्या अडीच तासांच्या जागी चार निघाले तर मोबाईलशी बोलावं लागेल.

आणि एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. झोपूनही थकवा जात नसेल, जेवण नकोसं झालं असेल, कॉलेजच्या गेटपाशी येऊन पाय मागे फिरत असतील, तर तो प्रश्न टाइमटेबलचा नाही. तेव्हा कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, किंवा १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मेंटॉरला सांगितलंस तर आणखी चांगलं. आम्हाला ही गोष्ट बहुतेक वेळा हजेरीचा तक्ता बघून उशिरा कळते.

या आठवड्यात करायचं एवढंच: सोमवारी परीक्षा विभागात ऑनर्सची मुदत आणि उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचं विचार, मंगळवारी विभागात एनपीटीईएलचं, शनिवारी क्लासच्या ऑफिसात अर्ज, आणि तिथून सरळ अभ्यासिकेत एम-फोर घेऊन. केटीचा फॉर्म चालू सेमिस्टरच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो, तो आपोआप भरला जात नाही. दरवर्षी दोन-तीन मुलं तिथेच चुकतात आणि लेट फी भरतात. रांगेत जाताना चौथ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या दोन झेरॉक्स घेऊन जा. खिडकीवर एक मागतात, पण दुसरी कुणाला तरी लागतेच.